शीटवरचं जनावर

१

रविवारी दुपारची जेवणं आटोपली की श्रीपाद बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरायचा आणि मनातल्या मनात म्हणायचा, आज हे दोघे आले नाहीत तर तासभर झोपता येईल. ते यायचेच. तीनच्या ठोक्याला विष्णुपंत, मागोमाग उल्हासनगरहून गोप. आठ वर्षांत दोघांचा मिळून एक रविवार चुकला असेल, तोही विष्णुपंतांना कावीळ झाली म्हणून.

श्रीपाद अंबरनाथला एका केमिकल कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. सहा दिवस बोर्डापुढे उभं राहून पाइपांची ड्रॉइंगं काढायची, संध्याकाळी बदलापूरला घरी येऊन एका बिल्डरच्या प्लॉटांची ट्रेसिंगं करायची, आणि उरलासुरला रविवार ह्या खेळात घालवायचा. चव्वेचाळिसाव्या वर्षीच त्याला तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना कठडा धरावा लागे.

खेळ तसा सरळ होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. ‘समोर दरी आहे, काय करता?’ असं श्रीपादने विचारायचं, ‘उडी मारतो’ असं गोपने म्हणायचं, आणि उडी जमली की नाही हे हाउजीच्या पिशवीतून सोंगटी काढून ठरवायचं. सोंगट्या एक ते वीसच ठेवलेल्या. शहाऐंशी साली गोपच्या मेहुण्याने अमेरिकेहून ह्या खेळाचं जाडजूड पुस्तक आणलं, गोपने उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये त्याची झेरॉक्स काढली, आणि गोष्ट सांगायचं काम जे श्रीपादच्या गळ्यात पडलं ते पडलंच. विष्णुपंत पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेले. खेळात ते मांत्रिक होते, आणि नियमांच्या झेरॉक्सला त्यांनी खाकी कव्हर घातलं होतं.

चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये दोघांनी बंड केलं.

“श्रीपादराव, राक्षस पुरे झाले,” विष्णुपंत म्हणाले. “तुमचे राक्षस फार बोलतात. मागचा तर अर्धा तास स्वतःची कुळकथा सांगत होता.”

गोपने खिशातून एक हिरवा रबरी डायनासोर काढून सतरंजीवर ठेवला. “ये लो साईं. आजकाल हेच चालतं. माझ्या दुकानातून रोज दोन डझन जातात.”

श्रीपादला बरंच वाटलं. डायनासोर बोलत नाही. त्याच्या तोंडी वाक्यं घालायला नकोत, त्याचा खजिना नको, शाप नको, पूर्वजन्मीचं वैर नको. “हा नुसता प्राणी आहे,” त्याने जाहीर केलं. “भूक लागली की हलतो. तुम्ही त्याच्या जवळ असा किंवा नसा, दर रविवारी एक सोंगटी त्याच्या नावाची. जेवढा आकडा तेवढे चौकोन, आणि जिकडे काही जिवंत असेल तिकडे.” विष्णुपंतांनी हा नियम खूश होऊन लिहून घेतला.

राहता राहिला नकाशा. नवा काल्पनिक मुलूख काढायचा म्हणजे दोन संध्याकाळी गेल्या, आणि त्या श्रीपादकडे नव्हत्या. बिल्डरसाठी त्याने बदलापूरलगतच्या सोनिवलीच्या जमिनीचं मोजमाप कागदावर उतरवलं होतं, त्यातल्या चार नंबरच्या शीटची एक जादा प्रिंट कपाटावर पडून होती. नाला, जुनी विहीर, चिंच, बांध, पायवाट, सगळं जागच्या जागी. त्याने ब्लेडने सर्व्हे नंबर खरवडले, विहिरीशी ‘राजाचा तलाव’ लिहिलं, शंभर शंभर फुटांचे चौकोन पाडले. पाड्यावरच्या शाळेशी ‘भग्न देऊळ’ लिहिताना त्याला हसू आलं, कारण त्याच शाळेत त्याची बायको सुनंदा सहा वर्षं शिकवत होती. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? कंटाळाच होता. जनावर त्याने विहिरीशेजारी ठेवलं.

मंगळवारी रात्री भाकरी थापता थापता सुनंदा म्हणाली, “अहो, आमच्या पाड्यावरच्या बुधाजीच्या म्हशी दोन दिवस विहिरीवर पाण्याला जात नाहीयेत. दावं तोडून मागे पळतात.”

“उन्हाळा आहे,” श्रीपाद म्हणाला आणि पेपर वाचत राहिला.

२

पुढच्या रविवारी जनावराच्या नावाने नऊ आला. श्रीपादने ते विहिरीपासून नऊ चौकोन नाल्याकडे सरकवलं. गोप आणि विष्णुपंत कागदाच्या दुसऱ्या टोकाला एका पुलाशी झगडत होते, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

बुधवारी सुनंदाच्या साडीला गोखरू चिकटलेले होते. नाल्याकाठचा बांध फुटलाय म्हणून तिला शेतातून वळसा घालून यावं लागलं होतं.

“कुणी फोडला?”

“बुधाजी म्हणतो जनावर आहे. आणि हो, म्हशी आता विहिरीवर जातात.”

श्रीपादने हातातला घास ताटात ठेवला. मग त्याने स्वतःलाच झापलं. नाला तिथे आहे म्हणून बांध तिथे आहे, बांध आहे म्हणून तो कधीतरी फुटणार. बारवीच्या जंगलातून बिबळ्या उतरला असेल, रानडुकरं असतील. माणूस दमला की त्याला कशातही काहीही दिसतं, आणि आपण तर सात वर्षांत सलग चार दिवसांची रजा घेतलेली नाही. हा सगळा हिशोब त्याने नीट मांडला आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून सोनिवलीला गेला.

बुधाजी बांधावरच भेटला. साठीचा, काटकुळा, डोक्याला पंचा. बाईंचा घरवाला म्हटल्यावर त्याने आधी चहाचं विचारलं, मग नाल्याकडे घेऊन गेला.

“यो बगा, सायब.”

गवत आडवं झालं होतं. दहा-बारा फूट रुंद पट्टा, विहिरीकडून येऊन नाल्याशी वळलेला. श्रीपाद त्या वळणाकडे बघत राहिला. रविवारी चिंचेला चुकवून त्याने पेन्सिलीने जी रेघ ओढली होती, तिला असाच बाक होता.

“डुक्कर असेल.”

“डुकराचा काम नाय यो,” बुधाजी म्हणाला. “मी डुकरा मारलीत. ह्याचा आवाज नाय, सायब. बांध फुटला तवा मी तिकरं, त्या झोपरीत होतो. मना कायपण आयकू नाय आला. पाखरा मातुर गप झाली.”

तेव्हा श्रीपादच्या लक्षात आलं की आताही पाखरं गप होती. नाल्याच्या पलीकडे करवंदीची दाट जाळी होती. तिच्यामागून वारा आल्यासारखा एक लांब उसासा आला, थांबला, आणि पुन्हा आला. जाळीचं पान हललं नाही.

“चला,” बुधाजीने त्याच्या दंडाला धरलं. “हितं उबा नका ऱ्हाव.”

३

त्या रविवारी श्रीपादने पहिल्यांदा खोटेपणा केला. सोंगटी काढली ती तळहातातच पाहिली. चौदा होता. शाळेकडे चौदा चौकोन म्हणजे सुनंदाच्या रोजच्या पायवाटेवर. “तीन,” असं म्हणून त्याने सोंगटी पिशवीत टाकली आणि जनावर नदीकडे, पडीक वीटभट्टीच्या बाजूला वळवलं.

त्या आठवड्यात भट्टीची एक भिंत पडली. दुसरं काही नाही. सुनंदा रोज वेळेवर घरी आली, रोज तिने मुलांच्या गमती सांगितल्या, आणि श्रीपाद तिच्या चपलांना लागलेल्या मातीकडे बघत राहिला.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दोघांचं एकमेकांवर किती प्रेम आहे हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण ती दहा मिनिटं उशिरा आली की श्रीपादला जेवण गोड लागत नसे, हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. “शाळेची बदली माग ना,” तो एकदा म्हणाला.

“का? सहा वर्षांनी आत्ता कुठे पोरं माझ्याशी नीट बोलायला लागलीयेत.”

“लांब पडतं.”

“तुम्हाला काय झालंय हल्ली?” तिने त्याच्या कपाळाला हात लावला. “ताप तर नाहीये.”

तिला सांगायचं तरी काय? की मी सतरंजीवर रबरी खेळणं सरकवतो आणि तुझ्या वाटेवर गवत मोडतं? त्याला स्वतःलाच ते अर्धं खरं वाटत होतं. दुपारी कारखान्यात, फ्लोरोसंट ट्यूबखाली, अजिबात खरं वाटायचं नाही. घरी आलं की वाटायचं. मग त्याने सांगायचा विचारच सोडून दिला आणि दर रविवारी लबाडी करत राहिला. पाच आला तर दोन, सतरा आला तर ‘झोपलंय’. एप्रिल अर्धा ह्यातच गेला. आधी खेळ हे ओझं होतं, आता रखवालीच झाली.

४

पण विष्णुपंत पोस्टात पस्तीस वर्षं काढलेले गृहस्थ. कुठलं पाकीट ओलं करून पुन्हा चिकटवलंय हे त्यांना हाताला कळायचं.

“श्रीपादराव,” एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ते म्हणाले, “गेले चार आठवडे तुमचं जनावर सहाच्या वर गेलेलं नाही. वीस सोंगट्यांत हे बसत नाही. आजपासून त्याची सोंगटी मी काढणार.”

“पंत, राहू द्या ना.”

“का म्हणून? आमचे आकडे तुम्ही उघड्यावर मोजता. खेळ खेळासारखा खेळा.”

“बराबर है,” गोप म्हणाला. “आमची माणसं मरतात तेव्हा तू नाही सोडत, साईं.”

श्रीपाद पुढे झाला तोवर विष्णुपंतांचा हात पिशवीत गेला होता. त्यांनी सोंगटी सतरंजीवर टाकली. एकोणीस.

जिकडे काही जिवंत असेल तिकडे, हा त्याचाच नियम. जनावर वीटभट्टीशी होतं. विष्णुपंतांनी खाकी कव्हरातून नियम वाचून दाखवला, मग बोटाने चौकोन मोजायला घेतले. तेरा, चौदा, पंधरा. पायवाट आहे तिथे माणसं असणार, म्हणून बोट पायवाटेने चाललं होतं. एकोणिसावा चौकोन ‘भग्न देऊळ’ ह्या अक्षरांवर पडला, आणि त्यांनी जनावर तिथे ठेवलं.

“देवळात काय आहे?” विष्णुपंतांनी उत्सुकतेने विचारलं.

शाळेला सुट्टी लागायला अजून तीन दिवस होते. स्वयंपाकघरात सुनंदा पेपर तपासत बसली होती, आणि तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

“खेळ संपला,” श्रीपाद म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे मला आता होत नाही.” त्याचा आवाज चढला. “मी दमलोय, पंत. आठ वर्षं मीच सांगतोय. जनावर निघून गेलं. असं पळत पळत शीटच्या बाहेर गेलं. संपलं.”

शाळेवर पोचलेलं ते रबरी खेळणं त्याने उचललं आणि जिथे कुणीच नव्हतं त्या बाजूला, म्हणजे कागदाच्या उजव्या कडेला नेलं. डावीकडे नदी होती आणि नदीवर धुणाऱ्या बाया असायच्या. वरती बुधाजीचा पाडा. उजवीकडे मात्र सीमेची जाड रेघ, तिच्यापलीकडे नुसती कोरी पट्टी आणि कोपऱ्यात ‘आरेखन’ ह्या शब्दाखाली त्याची स्वतःची सही. त्याने जनावर त्या रेघेपलीकडे ढकललं, सहीवरून नेलं आणि सतरंजीवर टाकलं. वीस वर्षं ड्रॉइंगं काढलेल्या माणसाला सीमेची रेघ आली की काम संपल्यासारखं वाटतं.

विष्णुपंत उठले. दारात थांबून त्यांनी चपला घातल्या, मग म्हणाले, “हे काही बरं केलं नाहीत, श्रीपादराव. निदान ते कुठे गेलं हे तरी सांगायला हवं होतं.”

५

पुढचे तीन रविवार श्रीपाद दुपारभर झोपला. इतकी गाढ झोप त्याला कित्येक वर्षांत लागली नव्हती. सोनिवलीत सगळं शांत होतं. सुट्टी लागायच्या शेवटच्या दिवशी सुनंदा सांगत आली, बुधाजीने बांध घातला, म्हशी नाल्यात डुंबतायत. श्रीपादने तिला गजरा आणला. तिने तो नाकाशी धरून त्याच्याकडे संशयाने पाहिलं, मग माळला.

तिसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी तो रजेवरच होता. बिल्डरला पाच नंबरची शीट हवी होती. सुनंदा सकाळपासून गच्चीवर, साबुदाण्याच्या पापड्या आणि कुरडया घालायला. चारच्या सुमाराला श्रीपादने खोलीत टेबलावर ट्रेसिंगसाठी आलेली नवी शीट पसरली आणि जोडणी बरोबर आहे ना हे बघायला चार नंबरची शीट तिच्या डावीकडे लावली. कोरी पट्टी दुमडून कडेला कड. रस्ता रस्त्याला मिळाला, बांध बांधाला.

पाच नंबरच्या शीटवर कडेपासून अकराशे फूट, म्हणजे अकरा चौकोन आत एक आयताकृती इमारत होती. वरच्या बाजूला जिना, उजव्या बाजूला कंपाउंड, पुढे गुलमोहराची खूण. ती आपली इमारत आहे हे ओळखायला त्याला थोडा वेळ लागला, कारण ती त्याने वरून कधी पाहिली नव्हती.

जनावर त्याने ढकललं होतं ते ह्याच कडेवरून. खेळात होतं तोवर ते आठवड्यातून एकदाच हलायचं, आणि ते कुठे आहे हे निदान एका माणसाला ठाऊक असायचं. तीन आठवडे कुणाला काहीच ठाऊक नव्हतं.

खालच्या पाण्याच्या पंपाची घरघर थांबली होती. खालचा कुत्रा, जो दुपारभर कावळ्यांवर भुंकायचा, तोही गप होता आणि कावळेही. हे केव्हापासून, ते त्याला सांगता येईना. त्याने पुन्हा स्वतःला समजावलं की वीज गेली असेल, पण डोक्यावर पंखा फिरत होता.

तो गॅलरीत आला. गॅलरीची बाजू पूर्वेची. ऊन इमारतीच्या मागून येत होतं, त्यामुळे सबंध इमारतीची सावली खाली कंपाउंडात पडली होती. गच्चीच्या कठड्याची सरळ रेघ, एका टोकाला टाकीचा चौकोन, आणि रेघेवर एक लहानशी हलती सावली. सुनंदा. पदर खोचलेला, हातात काहीतरी. तिच्यापासून सहा-सात फुटांवर रेघेतून आणखी एक सावली वर आली होती, जाड आणि उंच. अँटेना, त्याला वाटलं. अँटेना टाकीजवळ होती आणि ती काडीसारखी दिसत होती. आणि अँटेना वाकत नाही.

ड्राफ्ट्समनच्या डोक्याने त्याच्या नकळत हिशोब केला. सावली कठड्याच्या वर दिसतेय, पण गच्चीवर तेवढी मोठी कुठलीच वस्तू नाही. म्हणजे ती इमारतीच्या मागे आहे, पश्चिमेला. जमिनीवर उभी आहे.

“सुनंदा,” त्याने हाक मारली. मग बाहेर वाकून दुसऱ्यांदा मारली. “सुनंदा, खाली ये!”

“आले हो!” तिचा आवाज वरून खणखणीत आला. “एवढी शेवटची चादर उचलते. आणि ओरडताय कशाला, घर का पेटलंय?”

जाड सावली तिच्या आवाजाकडे वळली.

श्रीपाद धावला. तिसऱ्या मजल्यावरून गच्चीपर्यंत बावीस पायऱ्या होत्या. वर सुनंदा बोलत होती, कुरडया यंदा पांढऱ्याशुभ्र झाल्यात, शेजारच्या माईंना चारेक दिल्या पाहिजेत, गेल्या वर्षी त्यांनी आपल्याला दिल्या होत्या. ती बोलत होती तोवर सगळं ठीक होतं. त्याने कठड्याला हात लावला नाही. वळणावर त्याला गच्चीचं उघडं दार दिसलं आणि दारातून येणारं चौकोनी ऊन.

बोलणं अर्ध्या वाक्यात तुटलं.

दारातलं ऊन एका बाजूने हळूहळू कमी होत गेलं. वारा नव्हता, तरी जिन्यात गरम, दमट हवा उतरली. तिच्याबरोबर तो लांब उसासा आला, आणि त्याचा दुसरा अर्धा भाग येईपर्यंत बराच वेळ गेला.

“अहो,” सुनंदा दाराच्या अगदी पलीकडून म्हणाली. एकोणीस वर्षांत ती इतकं हळू कधी बोलली नव्हती. “वर येऊ नका.”

श्रीपादने उरलेल्या तीन पायऱ्यांकडे पाहिलं, आणि त्या चढून तो तिच्याजवळ गेला.